प्रगतीच्या मशालीखालचा अंधार

मुंबईच्या दादाभाई नवरोजी मार्गावर रात्रीच्या वेळी उभ्या राहणाऱ्या माणसाला बोरीबंदर स्थानकाची इमारत रंगीत दिव्यांच्या झोतात न्हालेली दिसते. घुमटाच्या शिखरावर ‘प्रगती’ची पाषाणमूर्ती आहे. तिच्या उजव्या हातात उंच धरलेली मशाल आहे आणि डाव्या हाताशी आऱ्यांचे चाक. परदेशी पाहुणे तिची छायाचित्रे घेतात, पर्यटन खात्याच्या पत्रकांवर ती झळकते. १४ मार्च २०१९ च्या संध्याकाळी याच मूर्तीच्या नजरेच्या टप्प्यात, स्थानकाला रस्त्याच्या दुसऱ्या बाजूशी जोडणाऱ्या हिमालय पुलाचा भाग कोसळला. त्या संध्याकाळी सहा माणसे मृत्युमुखी पडली आणि तीसहून अधिक जखमी झाली. मृतांमध्ये रात्रपाळीसाठी रुग्णालयाकडे निघालेल्या परिचारिका होत्या. पुलाच्या संरचनेची तपासणी पूर्वीच होऊन त्याला ‘किरकोळ दुरुस्ती’च्या वर्गात टाकण्यात आले होते. ढिगारा उपसला जात असतानाच पूल रेल्वेचा की महापालिकेचा, हा वाद सुरू झाला. घुमटावरची प्रगती मात्र आपल्या जागी अढळ होती. तिच्या देखभालीबद्दल असा वाद कधी झाल्याचे ऐकिवात नाही.

हा योगायोग आहे असे म्हणून विषय मिटवता येईल. परंतु ज्या नगरात दगडी मूर्तीच्या बोटाला तडा गेला तर तज्ज्ञांची समिती बसते आणि जिवंत माणसांच्या पायांखालच्या सळ्या गंजल्या तर ती ‘किरकोळ’ बाब ठरते, त्या नगराचा अग्रक्रम कोणी व केव्हा ठरवला, हा प्रश्न उरतोच. त्याचे उत्तर शोधण्यास फार दूर जावे लागत नाही. ते या रस्त्याच्या दुतर्फा दगडात कोरून ठेवलेले आहे. ते वाचण्याची सवय मात्र कोणी कष्टकऱ्यांना लावलेली नाही.

इमारतीवरील शिल्प म्हणजे निव्वळ शोभा, असे मानणे ही भाबडी समजूत आहे. शोभेसाठी पानाफुलांची नक्षी पुरेशी असते. जेव्हा दगडातून सिंह निघतो, वाघ निघतो, मशालधारी देवता निघते आणि त्यांना विशिष्ट उंचीवर, विशिष्ट क्रमाने बसवले जाते, तेव्हा तो नक्षीकामाचा भाग राहत नाही. तो मालकीचा दस्तऐवज होतो. कागदावरचा दस्तऐवज कपाटात राहतो. हा रोज लाखो लोकांच्या डोक्यावर उभा राहतो.

फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स या वास्तुशिल्पज्ञाने आराखडा केलेल्या या स्थानकाचे काम १८७८ मध्ये सुरू झाले आणि दहा वर्षे चालले. खर्च सुमारे सोळा लाख रुपये झाला. राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, १८८७ मध्ये, त्याला तिचे नाव देण्यात आले. प्रवेशद्वाराच्या दोन स्तंभांवर दोन पशू बसवले आहेत : एका बाजूस ब्रिटनचा सिंह, दुसऱ्या बाजूस हिंदुस्थानचा वाघ. दोन्ही स्तंभ सारख्या उंचीचे आणि दोन्ही पशू सारख्या ऐटीत. साम्राज्यशाहीने दगडात कोरलेले हे सर्वांत मोठे असत्य होय. जेता आणि जित हे जणू एकाच पेढीचे समान भागीदार, असा आभास त्या दोन स्तंभांनी निर्माण केला. दर्शनी भिंतीवर ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनीच्या संचालकांची मुखशिल्पे आहेत. त्यांत जमशेटजी जीजीभाई आणि जगन्नाथ शंकरशेट हे एतद्देशीय धनिकही आहेत. त्यांना नाव आहे, चेहरा आहे, ओळख आहे. हिंदी जनतेलाही जागा मिळाली आहे, पण ती निरनिराळ्या पगड्या व पागोटी घातलेल्या जातिजमातींच्या नमुन्यांच्या रूपाने. संचालक ही व्यक्ती आणि प्रजा हे नमुने, असा हा हिशेब आहे. त्यांच्याही वर, त्रिकोणी शिखरांवर, अभियांत्रिकी, शेती, वाणिज्य आणि विज्ञान यांच्या रूपकात्मक मूर्ती विराजमान आहेत.

या देवतामंडळात कोण नाही, हे पाहिले म्हणजे सारा अर्थ उलगडतो. अभियांत्रिकी आहे, वाणिज्य आहे, शेती आहे, श्रम नाही. ज्या लोहमार्गाच्या वैभवासाठी हे मंदिर उभारले, तो मार्ग कोणी टाकला याचा उल्लेख करण्यास शिल्पकारांना बोटभर दगड सापडला नाही.

तो मार्ग कसा झाला, याचा इतिहास मात्र उपलब्ध आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास पहिली गाडी सुटली, हे शाळकरी मुलासही ठाऊक असते. बोरघाटाची चढण फोडण्यास १८५६ पासून १८६३ पर्यंतचा काळ लागला, हे सांगितले जात नाही. १८६१ च्या आरंभी त्या एका घाटात बेचाळीस हजारांहून अधिक मजूर राबत होते. डोंगरकड्यांवरून दोराने लोंबकळत सुरुंगाची भोके पाडणे, बोगद्यांतला धूर छातीत घेणे, उघड्यावर झोपणे आणि पटकीची साथ आली की दरीत मरून पडणे, हे त्यांचे जीवन होते. त्या घाटात मेलेल्या मजुरांची संख्या पंचवीस हजारांच्या घरात जाते, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. नक्की आकडा कोणालाच सांगता येत नाही, कारण तो मोजून ठेवण्याची गरज कोणाला वाटली नाही. मजुरी थकली म्हणून १८५९ मध्ये तेथे मजुरांनी उठाव केला. घाटाचे काम पुढे पूर्णत्वास नेणाऱ्या ॲलिस ट्रेडवेल या कंत्राटदार-विधवेचे नाव इतिहासग्रंथांत आहे आणि ते असावयासच हवे. परंतु तिच्या हाताखाली राबलेल्या हजारो स्त्री-पुरुषांपैकी किती जणांची नावे उरली?

कंपनीच्या भागधारकांची काळजी मात्र सरकारने आगाऊच वाहिली होती. गुंतवलेल्या भांडवलावर पाच टक्के उत्पन्नाची हमी होती आणि नफा कमी पडल्यास तूट हिंदुस्थानच्या महसुलातून, म्हणजेच शेवटी रयतेच्या शेतसाऱ्यातून, भरून दिली जात होती. धोका रयतेचा आणि नफा लंडनचा! अशा करारावर सही करणारा सिंह शेजारच्या वाघाला समान उंचीचा स्तंभ खुशाल देऊ शकतो. दगडाला व्याज पडत नाही.

बांधकामाचा काळही ध्यानात घेण्याजोगा आहे. पाया खणला गेला तो १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळाच्या अखेरीस. दख्खनची गावे ओस पडत असता देशातून धान्याची निर्यात चालूच होती. त्याच वेळी मुंबईत शेतीची देवता शिखरावर चढवण्याची सिद्धता होत होती. गवंड्यांचे हात या भिंतींवर चालत होते, त्याच दशकात, १८८४ मध्ये, नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना एकत्र आणून साप्ताहिक सुटी, दुपारची विश्रांती आणि वेळेवर पगार अशा साध्या मागण्या मांडल्या. रविवारची सुटी पदरात पडायला १८९० साल उजाडावे लागले. प्रगतीच्या मूर्तीला मशाल त्यापूर्वीच मिळाली होती.

रस्त्याच्या उत्तर टोकाला हाच पाठ पुन्हा वाचावयास मिळतो. १८६९ मध्ये पुरी झालेली क्रॉफर्ड मार्केटची इमारत आज महात्मा जोतिबा फुले मंडई म्हणून ओळखली जाते. तिच्या प्रवेशद्वारावर जॉन लॉकवुड किपलिंग यांनी कोरलेली शिल्पे आहेत आणि त्यांत शेतकरी आहे. हा शेतकरी सुदृढ आहे, तृप्त आहे, सुगीत मग्न आहे. त्याच्या दाराशी सावकार नाही, कुलकर्णी नाही, सरकारी जप्ती नाही. याच काळातील शेतकऱ्याचे दुसरे चित्र जोतिरावांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये रेखाटले. त्यातला शेतकरी उपाशी आहे, नागवलेला आहे, कज्जेदलालीत बुडालेला आहे. एकाच काळाची ही दोन चित्रे आहेत आणि दोन्ही एकाच वेळी खरी असू शकत नाहीत. स्वातंत्र्योत्तर राज्यकर्त्यांनी मंडईला जोतिरावांचे नाव दिले, हे योग्यच झाले. पण ज्या चित्राला जोतिरावांनी आयुष्यभर खोटे पाडले, त्याच चित्राच्या खाली त्यांच्या नावाची पाटी लागली आहे, याची जाण पाटी लावणाऱ्यांना होती काय?

खुद्द रस्त्याच्या नावाची कथाही अशीच आहे. मुंबईचा अठराव्या शतकातील गव्हर्नर विल्यम हॉर्नबी याच्या नावाचा हा रस्ता स्वातंत्र्यानंतर दादाभाई नवरोजींच्या नावाने ओळखला जाऊ लागला. हिंदुस्थानची संपत्ती कोणकोणत्या मार्गांनी विलायतेस वाहून जाते, याचा आकडेवार हिशेब दादाभाईंनी मांडला. रेल्वेच्या भांडवलावरील व्याज हे त्यातले एक कलम होते. १९०४ मध्ये ॲमस्टरडॅम येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय समाजवादी काँग्रेसपुढे, जवळजवळ ऐंशीव्या वर्षी, हाच हिशेब मांडण्यास ते उभे राहिले होते. त्यांचा पुतळा रस्त्याच्या दक्षिण टोकाला आहे. संपत्तीचे अपहरण सिद्ध करणाऱ्याच्या नावाचा रस्ता आणि त्या अपहरणाची शोभायात्रा असलेल्या इमारती, असा हा विरोधाभास आहे. पाट्या बदलणाऱ्यांना तो कधी खुपला नाही.

यावर कलारसिकांचा एक वर्ग म्हणेल की, सौंदर्यात राजकारण कशाला आणता? त्याला उत्तर सोपे आहे. राजकारण ज्यांनी मूर्ती बसवल्या त्यांनी आणले. वाचणारा ते फक्त मोठ्याने वाचतो. सौंदर्य नाकारण्याचा येथे प्रश्नच नाही. सर जे. जे. कलाशाळेतील विद्यार्थ्यांनी आणि येथल्या कारागिरांनी या भिंतींवर कोरलेले मोर, माकडे, पाने आणि वेली यांत जी जिवंत कळा आहे, ती कोणत्याही कंपनीच्या संचालकाची देणगी नव्हे. ती या मातीतल्या हातांची करणी आहे. म्हणूनच इमारत पाडा, शिल्पे फोडा, असे म्हणणारा कष्टकऱ्यांचा मित्र असू शकत नाही. कामगाराने घडवलेली वस्तू मालकाच्या नावाने ओळखली गेली म्हणून ती फोडायची नसते, तिच्यावरचा हक्क सांगायचा असतो.

दुसरा वर्ग नामांतरवाद्यांचा आहे आणि त्याचा आवाज अधिक मोठा आहे. राणीचा पुतळा स्वातंत्र्यानंतर स्थानकाच्या दर्शनी कोनाड्यातून हलवला गेला. १९६५ मध्ये काळा घोडा आपल्या स्वारासह भायखळ्याच्या राणीच्या बागेत गेला. १९९६ मध्ये स्थानकास छत्रपती शिवाजींचे नाव मिळाले आणि २०१७ मध्ये त्यात ‘महाराज’ हा शब्द जोडला गेला. यांपैकी कशासही विरोध करण्याचे कारण नाही. पण राणी कोनाड्यातून उतरली म्हणून लोकलच्या दारात लोंबकळणाऱ्या प्रवाशाला उभे राहण्यास वीतभर जागा अधिक मिळाली काय? रयतेच्या गवताच्या काडीलाही धक्का लागू नये अशी सक्त ताकीद आपल्या लष्कराला देणारा राजा नामफलकावर आला. त्याच फलकाखालून भाजीवालीची पाटी उचलून नेणारी गाडी जाते, तेव्हा त्या नावाचे काय होते? प्रतीक बदलणे स्वस्त असते, त्याला एक ठराव आणि एक रंगारी पुरतो. व्यवस्था बदलण्यास लढा लागतो. ज्यांना दुसरे करावयाचे नसते, ते पहिल्याचा गाजावाजा करतात.

हे सर्वांत अधिक स्पष्ट झाले ते मे १९७४ मध्ये. स्वतंत्र भारताची सरकारी रेल्वे, तिच्यावर ना पाच टक्क्यांची हमी, ना लंडनचे संचालक. तरीही ८ मेपासून रेल्वे कामगारांनी संप पुकारला तेव्हा हजारोंना तुरुंगात टाकण्यात आले आणि कामगारांच्या बायकामुलांना रेल्वेच्या वसाहतींतून बाहेर काढण्यात आले. वीस दिवस तो संप चालला. कोनाडा रिकामा होता, पण राणीची रीत गेली नव्हती.

आता तिसरा वर्ग पुढे आला आहे. तो नम्र आहे, सुशिक्षित आहे आणि त्याच्या हाती ‘वारसा’ हा शब्द आहे. १९९५ मध्ये मुंबईत वारसा-वास्तूंच्या जतनाचे नियम आले. २००४ मध्ये बोरीबंदर स्थानक जागतिक वारशाच्या यादीत गेले. ओव्हल मैदानाभोवतीच्या गॉथिक व आर्ट डेको इमारतींच्या समूहाला २०१८ मध्ये तोच मान मिळाला. दादाभाई नवरोजी मार्गावरच्या दुकानांच्या पाट्या एकसारख्या व्हाव्यात, कमानी मोकळ्या दिसाव्यात, म्हणून योजना झाल्या. नियम नसते तर बिल्डरांनी यातल्या निम्म्या इमारती केव्हाच गिळल्या असत्या, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु कमानी मोकळ्या कोणासाठी करावयाच्या? या रस्त्यावरच्या इमारतींना तळमजल्यावर कमानींचा पादचारी मार्ग ठेवण्याचे बंधन १८९६ मध्ये घालण्यात आले, ते उन्हापावसात चालणाऱ्या माणसाला आडोसा मिळावा म्हणून. त्या आडोशाला बसून पुस्तके, रुमाल, कंगवे विकणारा माणूस हा कमानीचा शत्रू कसा ठरतो? कमान ज्यासाठी बांधली तेच तो करतो, तिच्या सावलीत उभा राहतो. पथविक्रेत्यांच्या उपजीविकेला संरक्षण देणारा कायदा संसदेने २०१४ मध्ये केला. त्या कायद्यात सांगितलेल्या समितीची निवडणूक मुंबईत व्हायला २०२४ साल उजाडले. दगडाच्या रक्षणाचे नियम तत्परतेने अमलात येतात, माणसाच्या रक्षणाचा कायदा दहा वर्षे खितपत पडतो, हाच तो जुना अग्रक्रम होय.

वारशाची ही कल्पना कोठवर नेते, हे परळ-लालबागमध्ये पाहावे. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद झाल्या, जमिनी विकल्या गेल्या, कामगार देशोधडीला लागला. एखाद्या ठिकाणी गिरणीचे धुराडे मात्र जपून ठेवले आहे. त्याच्या पायथ्याशी श्रीमंतांचा बाजार भरतो. ज्या धुराड्याच्या भोंग्यावर लाखो माणसांचा दिवस उजाडत होता, ते आता शोभेचे शिल्प झाले. माणसे हाकलून त्यांची खूण जपणे याला वारसा म्हणत नाहीत. शिकाऱ्याच्या दिवाणखान्यात वाघाचे मुंडके असते, त्याच जातीचे हे जतन आहे.

मग कष्टकऱ्यांच्या चळवळीने या रस्त्याकडे कसे पाहावे? त्याचे उत्तर रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला आहे. तेथे १८६४ मध्ये उभारलेले फ्लोरा फाउंटन आहे : रोमन पुष्पदेवता आणि तिच्या पायाशी समृद्धीच्या खुणा. कापसाच्या तेजीत पैशाचा पाऊस पडत होता, त्या वर्षांतले हे कारंजे. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी याच चौकात संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीसाठी जमलेल्या लोकांवर गोळ्या झाडण्यात आल्या. त्या लढ्यात शंभरांहून अधिक माणसांनी प्राण दिले. त्यांत मोठ्या संख्येने कामगार होते. पुढे देवतेशेजारी हुतात्मा स्मारक उभे राहिले. त्यात एक शेतकरी आणि एक कामगार आहे आणि दोघांनी मिळून एक मशाल उचलली आहे.

एकाच रस्त्याच्या दोन टोकांना अशा दोन मशाली आहेत. एक घुमटावर, एकट्या देवतेच्या हातात, कोणाच्याही आवाक्याबाहेर. दुसरी जमिनीजवळ, घाम गाळणाऱ्या दोन माणसांच्या हातात. पहिली म्हणते, प्रगती वरून येते, कंपनी आणते, सरकार आणते. दुसरी म्हणते, ती खालून उचलावी लागते आणि एकट्याने उचलत नाही. श्रमाला या रस्त्यावर जागा मिळाली ती कोणी दिली म्हणून नव्हे, रक्त सांडून घेतली म्हणून.

पण येथेही आत्मपरीक्षण टाळता येणार नाही. १ मे आणि २१ नोव्हेंबर या दोन दिवशी सर्व पक्षांचे पुढारी, त्यांत डावेही आले, या स्मारकाला हार घालतात आणि मोटारीत बसून निघून जातात. उरलेल्या दिवसांत हे स्मारकदेखील शोभेचा दगड होऊन राहते. लोकांनी जिंकलेले प्रतीकही राबवले नाही तर गंजते, पुलाच्या सळ्यांप्रमाणेच.

म्हणून कार्यकर्त्यांपुढे काम स्पष्ट आहे. बोरीबंदर स्थानकाच्या दर्शनी भागात, संचालकांच्या मुखशिल्पांसमोर, बोरघाटात मेलेल्या मजुरांचा आणि ही भिंत कोरणाऱ्या अनाम कारागिरांचा उल्लेख करणारी शिला मराठीत बसवावी, अशी मागणी रेल्वेकडे झाली पाहिजे. स्थानकांच्या पुनर्विकासासाठी केंद्र सरकारने २०२२ मध्ये दिल्ली, अहमदाबाद आणि मुंबई मिळून सुमारे दहा हजार कोटी रुपये मंजूर केले. एवढ्या रकमेत एका शिळेचा खर्च कोणाला जड होणार नाही. त्याच जोडीने प्रत्येक पादचारी पुलाच्या तपासणीचा अहवाल पुलाच्या पायथ्याशी, साध्या भाषेत, तारखेसह लावण्याची सक्ती झाली पाहिजे. हिमालय पूल २०२३ मध्ये पुन्हा उभा राहिला, पण विश्वास नव्या पोलादाने उभा राहत नाही. कमानींखालच्या विक्रेत्यांना २०१४ च्या कायद्याप्रमाणे हक्काची जागा मिळवून देणे हे संघटनेचे काम आहे, वारसाप्रेमींच्या औदार्याचे नव्हे. आणि दरवर्षी १ मे रोजी फुले मंडईपासून हुतात्मा चौकापर्यंत कामगारांना, विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन, प्रत्येक इमारतीपुढे थांबून, हा दगडी दस्तऐवज मोठ्याने वाचला गेला पाहिजे. त्यास परवानगीखेरीज कशाचाही खर्च नाही.

सिंह आणि वाघ आपापल्या स्तंभांवर बसोत. त्यांच्यामधून रोज सकाळी जो लोंढा बाहेर पडतो, त्याला त्यांच्याकडे मान वर करून पाहण्याची फुरसत नसते. ती फुरसत त्याला मिळाली, आणि आपले नाव या भिंतीवर का नाही हा प्रश्न त्याने विचारला, तर घुमटावरच्या मशालीला प्रथमच काही अर्थ प्राप्त होईल. तोवर ती नुसती उंच आहे.